हरवलेलं 'म्हणे'

*प्रिय ताई,*

*मी नाशिकरोडची. वय ३९, अंबडला एका कंपनीत नोकरी, मुलगी आठवीत आहे. आमच्या मोठ्या कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप माझा चुलतभाऊ चालवतो, आम्ही त्याला दादा म्हणतो. गेल्या गणपतीत त्याने ग्रुपवर 'आपल्या घराण्याचा इतिहास' टाकला. आपले मूळपुरुष पानिपतावर लढलेले सरदार, पुढे नाशिक प्रांतात जहागीर, वगैरे. सोबत पणजोबांचा जुना फोटो, अ‍ॅपमधून रंगवलेला, डोक्याला भगवा फेटा. सगळे भारावून गेले. फक्त माझी ८४ वर्षांची आत्या फोटो बघून म्हणाली, "आबांचं पागोटं पांढरं होतं. आणि कसली जहागीर? सिन्नरकडून चालत आले, प्रेसची इमारत उठत होती तेव्हा तिथे दगड वाहिले." (प्रेस म्हणजे नाशिकरोडचा सरकारी छापखाना.) दादा म्हणाला, आत्याला आता नीट आठवत नाही, नेटवर सगळीकडे हेच आहे. दिवाळीत कुलसंमेलन आहे, स्मरणिका निघणार आहे आणि मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे आलंय. मुलीने शाळेच्या प्रकल्पात तोच मजकूर उतरवलाय. आत्या त्या दिवसापासून गप्प आहे. खरं कसं शोधू? आणि दादाला न दुखवता काय करू? तो मजकूर आणि दोन्ही फोटो सोबत पाठवते.*

*एक भाची, नाशिकरोड*

प्रिय भाची,

तुमचे प्रश्न दोन आहेत, पण पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात राहिलं ते प्रश्नांच्या आधीचं वाक्य. आत्या गप्प आहेत. म्हणून सुरुवात तिथूनच करते. या आठवड्यात आत्यांकडे जा. स्मरणिका आठ दिवस पुढे ढकलता येते, प्रकल्प पुन्हा लिहिता येतो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी माणसाला पुढे ढकलता येत नाही.

गेल्यावर "खरं काय ते सांगा" असं विचारू नका, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटतं. सनही विचारू नका. आपल्या जुन्या माणसांनी आयुष्य सनांवर मोजलेलं नसतं. नाशिकची काळ मोजायची मापं वेगळी आहेत: कुठला सिंहस्थ, कुठला पूर, कुठला दुष्काळ. "आबा गेले तेव्हा तुम्ही कितवीत होतात?" "१९६९ च्या पुरात तुम्ही कुठे होतात?" "१९७२ च्या दुष्काळात घरात काय शिजायचं?" असं विचारा. मिलोच्या भाकरीची आणि सुकडीची चव ज्या तोंडाला आठवते, त्या तोंडून त्याच्या मागचंही पुष्कळ काही निघतं. आठवणीला एक खुंटी मिळाली की तिच्यावर बाकीचं आपोआप टांगलं जातं.

त्यांना सांगून फोनवर रेकॉर्डिंग करा. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, ठिकाण आणि कोण कोण बसलंय ते बोला. घरी आल्यावर त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा, वाक्यं सुधारायला जाऊ नका. त्या 'पागोटं' म्हणाल्या तर 'पागोटं'च लिहा, 'फेटा' नको. शब्दातही काळ मुरलेला असतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्या भाषेत एक लहानसा शब्द आहे, 'म्हणे'. "इथे पांडव राहिले होते म्हणे." "त्यांचे पूर्वज मोठे होते म्हणे." एवढ्या एका शब्दाने बोलणारा सांगून टाकतो की हे मी पाहिलेलं नाही, ऐकलंय, तुम्ही त्या हिशेबाने घ्या. आपल्या आज्या हा शब्द सोडून गोष्ट सांगतच नसत. त्याच्या जोडीला असायचं "माझ्या सासूबाई सांगायच्या", "ओझरच्या मामांनी पाहिलं होतं". गोष्टीबरोबर सांगणाराही घरात यायचा. मामा जरा वाढवून सांगतात हे सगळ्यांना ठाऊक असायचं, त्यामुळे मामांच्या गोष्टीतलं चार आणे आपोआप वजा व्हायचं.

फोनवरून फिरणाऱ्या मजकुरातून नेमका हा शब्द गळाला आहे. तिथे कुणी 'म्हणे' म्हणत नाही, सगळं ठाम असतं. सांगणाराही नसतो. दादाने पाठवलं हे तुम्हाला कळतं. दादाकडे कुठून आलं, त्याच्या आधी कुणाकडून, पहिल्यांदा लिहिलं कुणी, हे कळायला वाट नाही. मजकुराच्या डोक्यावर दोन बाणांची खूण असेल तर एवढंच समजतं की तो निदान पाच हातांतून आलाय. पाठवण्यावर मर्यादा कशामुळे आल्या, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा. आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, १ जुलै २०१८ ला भिक्षा मागत आलेल्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे असं फोनवरून फिरत होतं. कधीचं, कुठलं, कुणी पाहिलं, एकानेही विचारलं नाही. त्याच महिन्यात एका वेळी पाचच ठिकाणी मजकूर पुढे पाठवता येईल अशी मर्यादा भारतात आली. घराण्याचा इतिहास आणि ती अफवा एका तराजूत घालायच्या नाहीत मला. पण दोन्हींत तोच एक शब्द नव्हता.

तुम्ही पाठवलेला मजकूर मी वाचला. त्याच्या मधलं एक लांबलचक वाक्य उचललं, अवतरणचिन्हांत घातलं आणि शोधलं. तोच परिच्छेद, तीच जहागीर, तीच समशेर पाच वेगवेगळ्या आडनावांखाली सापडली. आडनावाची जागा तेवढी बदललेली. "नेटवर सगळीकडे हेच आहे" या वाक्याचा अर्थ असा: एका विहिरीचं पाणी पाच घागरींत भरलेलं आहे, आणि आपण घागरी मोजून विहिरी पाच आहेत असं समजतोय. आता त्यात एआयची भर पडली. त्याला आडनाव सांगून इतिहास विचारला की तोही बहुधा याच विहिरीत पोहरा सोडतो आणि सफाईदार मराठीत उत्तर देतो. शुद्ध आणि नेटकं लिहिलेलं असलं की ते खरंही असणार, ही आपल्याला शाळेपासून लागलेली सवय आहे. ती मोडायला मलाही पुष्कळ वर्षं लागली.

ही खोड फोननेच लावली असं मात्र मी म्हणणार नाही. पांडवलेणीचंच बघा. डोंगरावर २४ लेणी आहेत, बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली, आणि भिंतींवर ब्राह्मी लिपीत ती कुणी दान दिली तेही कोरलेलं आहे. ती पांडवांनी खोदली असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. लिपी वाचणारं कुणी उरलं नाही, एवढ्या प्रचंड कामाला कर्ता तर हवा, म्हणून लोकांनी पांडव आणले. किंवा आनंदवली घ्या, गंगापूर रोडने रोज हजारो लोक तिच्यावरून जातात. रघुनाथरावांच्या आनंदीबाई अखेरच्या वर्षांत तिथे राहिल्या. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि 'धरावे'चं 'मारावे' या बाईंनी केलं, ही कथा मराठीत इतकी रुजली की 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचारच झाला. तो खाडाखोड केलेला कागद मात्र आज कुणी दाखवू शकत नाही. एका बाईचं नाव अडीचशे वर्षं आपण एका न पाहिलेल्या कागदावरून घेतो आहोत. तिथेही 'म्हणे' गळालाच होता. पण तो गळायला पिढ्या लागल्या. आता गणपती ते दिवाळी पुरते.

दुसरी एक गोष्ट फोन करतो, आणि ती मला जास्त खोल वाटते. त्याच्यात सगळा काळ सारख्याच अंतरावर असतो. पेटीतला कागद पिवळा पडतो, त्याला वास येतो, घडीवर फाटतो. हातात घेतल्याबरोबर कळतं की हा जुना आहे. स्क्रीनवर कालचं आणि शंभर वर्षांपूर्वीचं सारखंच लख्ख दिसतं. गोदावरीला पूर आला की आपण सगळे दुतोंड्या मारुतीकडे बघतो, पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावर पुराचा अंदाज बांधतो. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुराचा एक व्हिडिओ मला त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांत 'आत्ताचा' म्हणून आला. पाठवणारी तिन्ही माणसं भली आणि काळजीपोटी पाठवणारी. मारुती तोच, पाणी तसंच, व्हिडिओवर तारीख नाही. सात-आठ वर्षांपूर्वीच्या पुराचं असं होत असेल, तर अठराव्या शतकाचं काय होत असेल?

माझी एक चूक इथे सांगते, कारण ती याच जातीची आहे. याच सदरात मी एकदा लिहिलं होतं की पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली, १४ जानेवारी १७६१. एका वृद्ध वाचकांनी पोस्टकार्ड पाठवलं: "बाई, तारीख बरोबर आहे, संक्रांत चुकली." संक्रांतीची तारीख साधारण ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. आज ती १४-१५ जानेवारीला येते, म्हणून १७६१ मध्येही तशीच येत असणार असं मी धरून चालले. तेव्हा ती तीन-चार दिवस आधी येत असे. पडताळा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्म पाहा, १२ जानेवारी १८६३. तो दिवस संक्रांतीचाच होता. मी आजची दिनदर्शिका अडीच शतकं मागे नेऊन टांगली होती. दरवर्षी १४ जानेवारीला तेच वाक्य मला पुन्हा येतं, आणि दरवर्षी ते पोस्टकार्ड आठवतं. त्यावर तारीख होती, पत्ता होता, सही होती.

तुमच्या पणजोबांच्या रंगीत फोटोतही हेच झालंय. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग साठवलेला नसतोच. अ‍ॅपने लाखो दुसरे फोटो पाहिलेले असतात, त्यावरून ते अंदाज करतं आणि रंग भरतं. आजच्या फोटोंत फेटा म्हटला की बहुतेक भगवा असतो, लग्नात, मिरवणुकीत, सत्काराला. म्हणून पणजोबांनाही तो मिळाला. आता जरा बारकाईने बघा. त्या जमान्यातल्या बऱ्याच फिल्मना लाल रंग पकडताच येत नसे; लाल, केशरी कापड फोटोत काळपट उमटायचं आणि निळं फिकट. तुम्ही पाठवलेल्या मूळ प्रतीत पागोटं जवळजवळ पांढरं आहे. फिल्म कोणत्या जातीची होती हे आपल्याला माहीत नाही, म्हणून एवढ्यावरून मी निकाल देणार नाही. पण माप आत्यांच्या बाजूने झुकतं.

आणि एक. ग्रुपवर फोटोची एकच बाजू आली आहे. जुन्या फोटोची मागची बाजू कुणी स्कॅन करत नाही. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी गावाचं नाव, कधी पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कधी कुणीतरी घातलेलं 'आबा' एवढंच. मी पाहिलेल्या घरगुती फोटोंपैकी कितीतरींचा खरा इतिहास मागेच होता.

जहागिरीचं म्हणाल तर ती अशी चीज नाही की हवेत विरून जावी. जमिनीचा माग कागदात राहतो: इनामाच्या नोंदी, फेरफार, जुने सातबारा. यातलं बरंच आता स्कॅन होऊन ऑनलाइन मिळू लागलंय, आणि इथे मी त्याच फोनचे मनापासून आभार मानते. नाशिक जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटिअर मला पूर्वी ग्रंथालयात बसून, पान उलटताना जीव मुठीत धरून वाचावं लागे. आज तुमची मुलगी ते रात्री अंथरुणात पडून वाचू शकते. सिन्नर तालुक्याचं पान काढायला सांगा तिला. आजोबा प्रेसमध्ये नोकरीला असतील तर त्यांचं सेवापुस्तक, पेन्शनचे कागद घरात कुठेतरी असतील. त्यावर मूळ गाव असतं. प्रेस सुरू झाली १९२५ ला. म्हणजे आत्या सांगतात ते दगड त्याच्या आधीच्या एक-दोन वर्षांतले. आबांचं तेव्हाचं वय किती, फोटोत किती दिसतं, हिशेब घालून बघा, जुळतो का.

मूळ गाव कळलं की रामकुंडावर जा. आपल्या क्षेत्रोपाध्यांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, पिढ्यान् पिढ्या जपलेल्या वह्या. कुठल्या गावचे, कुठल्या आडनावाचे यजमान कुणाकडे हे ठरलेलं असतं, म्हणून गाव आधी लागतं. अस्थी घेऊन, श्राद्धाला किंवा सिंहस्थाला जो आला त्याचं नाव, बापाचं, आजाचं, भावांची-मुलांची नावं, गाव आणि तिथी त्यात असते, पुष्कळदा येणाऱ्याच्याच हातची सही असते. आज सगळे ज्याला डेटा म्हणतात तो आपल्या घाटावर शेकडो वर्षं कापडात बांधून ठेवलेला आहे. जुनी पानं मोडीत असतील. मोडी वाचणारं माणूस शोधा. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे अशा जाणकारांना मागणी आली आहे, त्यामुळे पत्ता लागणं पूर्वीइतकं अवघड नाही. शके लिहिलेलं असेल तर ७८ मिळवा, जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर ७९. फोटो काढण्याआधी विचारा, आणि दक्षिणा ठेवा. ते माणूस तुमच्या घराण्याची वही सांभाळत बसलेलं आहे.

नोंद सापडली नाही तर खचू नका. कुणाचं नाव वहीत चढायचं आणि कुणाचं नाही, हेही त्या काळाने ठरवलेलं होतं. याच पंचवटीत काळारामाच्या दारातून आत जाता यावं म्हणून माणसांना २ मार्च १९३० पासून पुढे काही वर्षं सत्याग्रह करावा लागला. वहीत नाव नसणं म्हणजे माणूस नसणं नव्हे. "नामावळीत शोधलं, मिळालं नाही" असं स्मरणिकेत लिहा, तारखेसह. तेही पुढच्या शोधणाऱ्याच्या कामाचं असतं.

दादाला ग्रुपवर खोडून काढू नका. चारचौघांत चुकीचं ठरलेलं माणूस मत बदलत नाही, ग्रुप सोडतं. शिवाय त्याने केलेलं काम लहान नाही. विखुरलेली भावंडं त्याने एका ठिकाणी आणली, तो पेटीतला फोटो बाहेर काढला. त्याला पूर्वजांचं प्रेम आहे, फक्त ते प्रेम तयार मापाच्या कपड्यात बसवलं गेलंय. त्याच्याकडे चहाला जा आणि ती पाच आडनावं दाखवा, शांतपणे. मग विचारा, आपल्याला सरदारच का हवा होता?

मला स्वतःला हा प्रश्न फार छळतो. पानिपतावर सरदारांच्या मागे तळावर त्यांच्याहून कितीतरी जास्त माणसं होती: बैल हाकणारे, पाणी भरणारे, पालं ठोकणारे, दळणारे, यात्रेकरू, बायका. बाजारबुणगे. त्यांचेही वंशज आज आपल्यात असणार, सरदारांच्या वंशजांहून जास्तच असणार. पण "आमचे पूर्वज बुणग्यांत होते" असा एकही मजकूर मला आजवर आलेला नाही. तो शब्दच आपण शिवीसारखा वापरतो. फोनवर जे पुढे पाठवलं जातं त्याला मिरवता यायला हवं, आणि मिरवता न येणारं मागे राहतं. असं दहा वर्षं चाललं तर आपल्या सगळ्यांच्या घरांत एकसारखे सरदार राहतील आणि सिन्नरहून चालत आलेला माणूस कुणाच्याच घरात राहणार नाही. प्रेसची ती भिंत अजून उभी आहे. कुलसंमेलनाला आलेल्या मुलांना नेऊन दाखवता येईल अशी दुसरी किती घराण्यांची गोष्ट असते?

स्मरणिकेत दोन्ही छापा. आत्यांनी सांगितलेलं त्यांच्या शब्दांत, खाली त्यांचं नाव, वय, सांगितल्याची तारीख. दादाचा मजकूरही द्या, पण वर स्पष्ट लिहा: "व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मजकूर, मूळ सापडलेलं नाही, हाच मजकूर इतर आडनावांनीही फिरतो." मूळ फोटो मोठा, रंगवलेला शेजारी लहान, आणि त्याखाली "रंग अ‍ॅपने भरले आहेत". वाचणारे शहाणे असतात, त्यांना ठरवू द्या. आणि कागदावर छापा, नुसती पीडीएफ फिरवू नका. फोन बदलला की रेकॉर्डिंग जातं, ग्रुप सोडला की फोटो जातात.

मुलीचा प्रकल्प रद्द करू नका, वाढवा. तिला आधी विकिपीडियावर कुठल्याही लेखाच्या डोक्यावरचं 'इतिहास पहा' दाबायला शिकवा. कुणी, कधी, काय बदललं ते ओळीने तारखांसह दिसतं, आणि भांडणंही दिसतात. मग एका रविवारी सकाळी उन्हाच्या आत तिला पांडवलेणीवर न्या. १० क्रमांकाच्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याने ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघांकडे, कायमचे ठेवले: २००० दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याजातून भिक्षूंना खर्च. पहिल्या ठेवीतून वीस भिक्षूंना वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण, वस्त्रांसाठी. गणित तिच्याकडून करून घ्या, बरोबर जुळतं. पुढे लिहिलंय की हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं आणि रीतीप्रमाणे फलकांवर नोंदवलं. म्हणजे त्या माणसाने कोण, किती, कुठे, कुणासमोर, सगळं सांगून ठेवलं. ते फलक केव्हाच गेले, दगडावरची प्रत राहिली.

तिथून ३ क्रमांकाच्या लेण्यात जा. तिथे गौतमी बलश्रीचा लेख आहे, ज्या गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचं घराणं बुडवलं त्याच्या आईचा. लेकाचं कौतुक तिने भरभरून कोरवून घेतलंय. जिंकणाऱ्याची आई आणि हरलेल्याचा जावई, दोघांचे लेख एकाच डोंगरावर आहेत, आणि जिंकणाऱ्यांनी हरलेल्याचा लेख छिन्नीने उडवलेला नाही. हे सांगताना मुलीच्या चेहऱ्याकडे बघा. उतरताना वाटेत कुणीतरी तिला पांडवांची गोष्ट सांगेलच. तीही तिने लिहावी, शेवटी 'म्हणे' लावून.

राहिलं आत्यांकडे जाण्याचं. पहिल्या भेटीलाच दादाला बरोबर न्या, मूळ फोटो त्याच्याकडेच आहे. फोनमधला दाखवू नका. दुपारची झोप झाल्यावर, खिडकीपाशी बसून, तो फोटो आत्यांच्या हातात द्या, आणि त्या तो उलटा करून पाहीपर्यंत दोघांनीही काही बोलू नका.